कडेचा धक्का

बरगडीसाहेबांनी रानडुकराच्या कुशीत पुन्हा एकदा बोट दाबून पाहिलं. पत्रा आत गेला आणि बोट काढताच टक्‌ करून बाहेर आला.

"ऐकलंस?" त्यांनी मुलीला विचारलं.

"बाबा, कुणालाही अशा गुदगुल्या केल्या तर तो आवाज करणारच."

रानडुक्कर हे मुलीच्या गाडीचं घरगुती नाव. उंच, उघडी, दगडधोंड्यांतून चढणारी गाडी. वर कापडी छत आणि दरवाजाच्या जागी कमरेएवढं पत्र्याचं झाकण, तेही बोल्ट काढले की हातात येणारं. मुलगी खाणींची मोजणी करायची. रस्ता जिथे संपतो तिथून तिचं ऑफिस सुरू व्हायचं.

बरगडीसाहेब हे नाव मात्र ऑफिसने ठेवलेलं. गाड्या आपटून पाहणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते कडेच्या धक्क्याचे प्रमुख होते. समोरच्या धक्क्याचे साहेब वेगळे. ते गाणी गुणगुणत घरी जायचे. इकडे एक जड ट्रॉली उभ्या गाडीच्या कुशीत येऊन आदळायची आणि आत माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या बरगड्या किती दबल्या हे बरगडीसाहेब वाचायचे. समोरून धडक बसली तर पुढे बॉनेट असतं, इंजिन असतं, चुरगळायला काहीतरी असतं. कडेला माणूस आणि दुनिया यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा. रानडुकरात तीही नाही. हे ते सगळ्यांना सांगायचे. दातांच्या डॉक्टरलासुद्धा, त्याचा हात तोंडात असताना.

त्यामुळे त्यांना मित्र कमी होते आणि झोप त्याहून कमी. मुलगी कामावर निघाली की ते फोन हातात घेऊन बसायचे. फोन वाजला की डावीकडून लागलं असेल की उजवीकडून, एवढाच प्रश्न पडायचा. एकदा तिने साबण आणायचा का, एवढं विचारायला फोन केला, तर साहेब बोलता बोलता खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

"पुतळ्यांची एवढी काळजी करता," बायको म्हणायची, "कधी माझ्याही बरगड्या विचारा."

गाडी विकून टाक, म्हणून त्यांनी मुलीच्या मागे धोशा लावला होता. ती ऐकत नव्हती. उंचावरून सगळं दिसतं, म्हणायची. गाडीने आजवर मला कधी दगा दिला नाही, म्हणायची. मग प्रयोगशाळेत तशाच धाटणीची एक गाडी आली. ट्रॉली आदळली. साहेब घरी आले आणि जेवले नाहीत. काही बोललेही नाहीत. ते बोलले नाहीत म्हणूनच मुलगी घाबरली.

"विकते," ती म्हणाली. "नवी तुम्ही निवडा. रंगावरून मी भांडणार नाही."

साहेबांनी निवडली. बुटकी, बंदिस्त, दरवाजांत पोलादी पट्ट्या, कडेला हवेच्या पिशव्या. रंग उकडलेल्या बटाट्याचा. हिच्यात बसलं की कपाटात ठेवल्यासारखं वाटतं, असं मुलगी म्हणाली. साहेबांना नेमकं तेच हवं होतं. त्या दुपारी त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

आता रानडुक्कर तेवढं शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे पोचवायचं होतं. मुलीने सहज त्याची किल्ली उचलली.

"तू? त्याच्यात?"

"काल बसलेच होते की."

"काल इलाज नव्हता. आज आहे." साहेबांनी किल्ली काढून घेतली. "तू नवी घे आणि पुढे चाल. मी मागे आहे. माझ्या नजरेसमोर राहा."

बायकोने दारातून त्यांना हेल्मेट घालायला सांगितलं. तो टोमणा होता. साहेबांनी हेल्मेट घातलं.

रानडुकराच्या चालकाच्या जागेवर ते प्रथमच बसत होते. कोपराशेजारी काही नव्हतं. काही नव्हतं म्हणजे थेट रस्ता होता. एका बसचं चाक त्यांच्या मांडीजवळून गेलं, तेव्हा त्याचे नट त्यांना मोजता आले असते. एक स्कूटरवाला इतक्या जवळून गेला की त्याच्या गुडघ्यावरचं रफू दिसलं. प्रत्येक गल्ली, प्रत्येक फाटक, दोन ट्रकांमधली प्रत्येक फट आता त्यांच्याकडेच तोंड करून बसली होती. कुठून येईल सांगता येत नव्हतं. साहेबांची मान टेबलफॅनसारखी फिरत होती. माझी पोर रोज अशी जात होती, हा विचार येऊन त्यांनी हेल्मेटचा पट्टा आणखी आवळला. पुढे बटाट्याचा रंग दिसला की जरा बरं वाटे. ती सुरक्षित होती. आता फक्त आपल्याला पोचायचं होतं.

मोठा चौक आला. सिग्नल बंद पडलेला.

कडेचे धक्के चौकातच बसतात. हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनी हे शिकवलं होतं: दोन्ही बाजू नीट बघा आणि रिकाम्या दिसल्या की रेंगाळू नका, एका दमात बाहेर पडा. मुलगी पुढे होऊन वळू लागली. साहेब चौकाच्या तोंडाशी थांबले. डावीकडे एक टँकर, पण लांब, उभा. उजवीकडे कुणी नाही. पुन्हा डावीकडे, टँकर जागचा हलला नव्हता. पुन्हा उजवीकडे, अगदी मान दुखेपर्यंत. मागून कुणीतरी हॉर्न मारला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. कुठूनही कुणीही येत नव्हतं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांची छाती मोकळी झाली.

त्यांनी पाय पूर्ण दाबला. असल्या गाड्या उसळतात तसं रानडुक्कर उसळलं.

मग साहेबांनी समोर पाहिलं. वळता वळता थांबलेली मुलीची नवी गाडी मधोमध आडवी उभी होती, आणि आत बसलेली मुलगी रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हातारीला हाताने खुणावत होती, सावकाश जा, घाई नाही.