मान वळवायची नाही

क्लाउडचं सर्टिफिकेट नसलेल्यांची यादी मॅनेजरने काढली, तेव्हा वीस वर्षं कंपनीचे सर्व्हर सांभाळणारा मी तिच्यात पहिला होतो. महिनाअखेरपर्यंत पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. परीक्षा घरूनच होती, पण कॅमेऱ्यासमोर. खोलीत कुणी यायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, मान वळवली की परीक्षा रद्द.

"दोन तास अण्णांकडे तू बघ, काही झालं तरी दार वाजवू नकोस," असं धाकट्या बहिणीला बजावलं. अण्णांच्या आवाजाची काळजीच नव्हती. अर्धांगवायूनंतर आठ महिन्यांत वडील एक अक्षरही बोलले नव्हते.

एक्केचाळिसाव्या प्रश्नाला शेजारच्या खोलीतून हाक आली. "ढब्बू." जड जिभेने, पण स्पष्ट. मला या नावाने हाक मारणारं घरात एकच माणूस आहे. थोड्या वेळाने पुन्हा आली. मग थांबली. मी तिसऱ्या पर्यायावर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

पास झालो. "सुटलास बाबा!" असा मॅनेजरचा मेसेजही आला.

बाहेर आलो, तर बहीण अण्णांच्या उशाशी बसून डोळे पुसत होती. "दादा, अण्णा बोलले रे! दोनदा तुला हाक मारली, आता परत गप्प झालेत. नशीब तुला ऐकू गेलं नाही, नाहीतर सगळं टाकून धावत आला असतास."


"हो, नशीब," मी म्हणालो आणि अण्णांकडे मान वळवली नाही.