चीक

अंगणात आपोआप उगवलेल्या अनोळखी झुडपाचा फोटो तिने मावशीला पाठवला. मावशी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची.

"कोणाला फोटो पाठवतेस गं?" म्हणत नवऱ्याने मागून येऊन अशी कानाखाली भडकावली, की ती पायरीवर आपटली. ओठ फुटला. तेवढ्यानेही त्याचा राग शमेना. कोयता घेऊन तो झुडपावरच तुटून पडला. पांढरा चीक उसळला आणि तो डोळे धरून गुरासारखा ओरडू लागला.

"पाणी! अगं, पाणी आण!"

इतक्यात मावशीचा मेसेज आला. "हात लावू नकोस. चीक डोळ्यात गेला तर लगेच धुवायचं, नाहीतर दृष्टी जाते."

गळक्या नळाच्या आवाजाच्या दिशेने तो चाचपडत सरकू लागला.



तिने पुढे होऊन नळ घट्ट पिळला.