चरबीवरचा भात

तव्यात डुकराच्या पट्ट्या चुरचुरायला लागल्या आणि घरभर असा काही वास सुटला की रखमाच्याही तोंडाला पाणी आलं. भागोजीनं त्यांची चरबी नीट सुटू दिली, पट्ट्या कुरकुरीत झाल्या तशा बाजूला सारल्या आणि त्याच चरबीत कांदा, मिरची नि सकाळचा गार भात परतायला घेतला. महाबळेश्वरला गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर तो खानसाम्याच्या हाताखाली होता. तिथली ही करामत घरच्या चुलीवर पहिल्यांदाच चालली होती.

"मैनाला ठेव गो थोडा," तो म्हणाला. "नाते गावात नांदायला गेली की बापाच्या हातचं कुठलं मिळतंय तिला?"

परवा मैनाची सुपारी फुटायची होती. पोर पाण्याला गेली होती म्हणून रखमानं निवांत डोळे पुसून घेतले.

तेवढ्यात दारात कोणी खाकरलं. येसाजीकाका! भागोजीचे चुलते, भावकीत सगळ्यांत वडील. परवाची सुपारी फोडायची ती त्यांनीच. रखमानं डोक्यावरचा पदर सारखा केला. काकांनी नाक वर करून वास घेतला, तव्यात डोकावून पाहिलं, मग चुलीवर धुरात टांगलेला मांसाचा तुकडा त्यांना दिसला.

"भागोजी, ह्ये साहेबाचं डुक्कर हाय."

"नाय काका, आपल्या शिमग्याच्या शिकारीचं..."

"गप! शिकार होऊन पंधरा दिस झाले. आमच्या घरी तिसऱ्या दिशी हाडूक उरलं नाय, आनि तुझी सागुती अजून लोंबतेय? बंगल्यावर ओझं घेऊन आलो होतो तवा बघितलीय मी साहेबाच्या ताटात. अश्शीच. पातळ, चकचकीत."

रानडुक्कर म्हणजे शिकार. ती सगळी भावकी मिटक्या मारत खायची. पण पाळीव डुक्कर म्हणजे उकिरड्यावरचं जनावर; ते ज्याच्या चुलीवर चढलं त्याच्या घरचं पाणीसुद्धा कोणी पीत नसे. मग सुपारी कसली आणि लग्न कसलं!

बंगल्यावर मडमेपुढे फडाफडा बोलणारा हा बाप्या, चुलत्यापुढे नुसता तव्यातला भात परतत राहिला. शेवटी रखमालाच बोलावं लागलं.

"मामंजी, मीठ-गूळ चोळून आठ दिस ठेवलं ह्यांनी. मग धुरावर टांगलं. म्हनून टिकलंय. तुमच्याच हातानं दिलेला वाटा हाय."

"वाटा दिला त्यो मला ठाऊक हाय. ह्योच त्यो, कशावरनं?"

कशावरून! आता काय मेलेल्या डुकराला उठवून साक्षीला आणायचं? म्हातारा दाराकडे वळला. तो एकदा पायरी उतरला की संध्याकाळपर्यंत वाडीभर झालंच, हे रखमाला कळत होतं. तिनं भागोजीकडे पाहिलं. आणि हा शहाणा काय करत होता? टांगलेला तुकडा खाली काढून विळीवर कापत बसला होता! घाबरला की हातांना काम द्यायची त्याची खोडच होती. रखमाला वाटलं, उचलावी ती विळी आणि फेकून द्यावी.

कर्र. पातं अडलं. मांसातून वालाएवढा काळा तुकडा निघाला आणि ठण्णकन ताटलीत पडला.

"काय रे त्ये?" काका उंबऱ्यातूनच म्हणाले.

"लोखंड हाय, काका."

काका माघारी आले. तुकडा तळहातावर घेतला, अंगठ्यानं पुसला, दाराच्या उजेडात नेऊन उलटापालटा केला. पुन्हा पुसला.

शिमग्याच्या शिकारीत दोनच बंदुका होत्या, दोन्ही ठासणीच्या. एक वाडीतल्या चांगूची, एक काकांची. चांगू शिशाच्या गोळ्या भरायचा. काकांना शिसं परवडत नसे, ते फुटक्या कढईचे तुकडे ठासायचे. डुक्कर चांगूपुढे पडलं म्हणून मानाचं मुंडकं त्याच्या घरी गेलं. तेव्हापासून काका भेटेल त्याला सांगत होते की पहिला बार आपलाच लागला, आणि सगळी वाडी पदराआड हसत होती. खोटं कशाला बोला, रखमाही हसली होती.

"माझा हाय," म्हातारा पुटपुटला. मग एकदम ओरडला, "माझा हाय गो रखमे! कढईचा हाय! मी म्हनत होतो ना, माझा बार लागलाय? म्हनत होतो का नाय?"

"म्हनत होता, मामंजी." रखमाच्या जिवात जीव आला. तिला हसूही येत होतं आणि डोळेही वाहत होते. "साहेबाच्या डुकराला कोन बंदुकीनं मारतंय?"

पण साहेब आता काकांच्या गावीही नव्हता. त्यांनी फतकल मारली आणि ताट पुढे ओढलं.

"वाढ."

पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला. दुसरा घाईघाईनं. तिसऱ्याला मान हलली.

"साहेब रोज खातो ह्ये?"

"साहेब पावासंगट खातो, काका," भागोजीला वाचा फुटली. "भाताची अक्कल माझी."

काकांनी ताट उचललं आणि पडवीत वाटेकडे तोंड करून बसले. तुकडा ताटाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"रखमे, चांगूला हाक मार. जेवाया ये म्हनावं. आधी ह्यो तुकडा दाखवू, भात मागनं."

तव्यात भात चौघांपुरता होता. पण परवाच्या सुपारीआधी या चुलीवरचा घास सगळ्या वाडीच्या पोटात गेलेला बरा. रखमा अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली, पदर खोचला आणि तिनं नुसत्या चांगूला हाक मारून भागवलं नाही. आवाज पोचेल तेवढ्या सगळ्या घरांना, नावं घेऊन घेऊन, तिनं जेवायला बोलावलं.