उसनी तल्लफ

व्यसनमुक्ती डॉक्टरांच्या परवाना नूतनीकरणाच्या वर्गात डॉ. मृणालिनी केळुसकरांनी दुसऱ्याची जाणीव अनुभवायला देणारी पट्टी कपाळाला लावली आणि त्यांच्याच पेशंटची, रवळनाथची, यंत्रात साठवलेली दारूची तल्लफ त्यांच्या अंगात उतरली. घशाला कोरड पडली, एका घोटापलीकडे काही सुचेना. पाच मिनिटंही झाली नसतील, त्यांनी पट्टी ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी रवळनाथ त्यांच्यासमोर मान खाली घालून बसला. "मॅडम, महिनाभर न पिता राहिलो, पण काल घसरलो. ओरडा हवं तर."

"ओरडू कशाला? काल वर्गात त्या यंत्रातून तुमची तल्लफ अंगावर घेतली, मला पाच मिनिटं सोसवली नाही. तुम्ही महिना काढलात!"

रवळनाथ ताठ उठला आणि बाहेर बसलेल्या बायकोला हाक मारून म्हणाला, "ऐकलंस गो? डॉक्टरीणबाई हरल्या, मी महिनाभर जिंकलो! आजपासून परत सोडली!"