कुंदाचा जिताडा

"लगेच हिसका मारू नकोस. दोरी सैल सोड, त्याला कोळंबी गिळू दे," खाडीच्या बांधावर शेजारी गळ टाकून बसलेली म्हातारी म्हणाली.

कुंदाने ऐकलं आणि आयुष्यातला पहिला जिताडा तिच्या गळाला लागला.

लहानपणापासून थोरला भाऊ तिला इथे आणायचा आणि दोरी हलली की ओरडायचा, "मार हिसका!" मासा सुटला की हसायचा, "बायकांचं काम नव्हे हे."

आजही तो तिच्या पलीकडे गळ टाकून बसला होता. कुंदा त्याच्याकडे वळली. "दादा, तुला हे ठाऊक होतं?"

त्याने मान खाली घातली. "बाबांनी तुलाही शिकवायला सांगितलं होतं. पण तू माझ्याहून मोठे मासे धरले असतेस."

"पन्नाशी गाठली मी!" कुंदा कडाडली.

त्याने माशाकडे हात नेला.

"हात लावू नकोस. याचं कालवण माझ्या घरी शिजेल, आणि तुला बोलावणं नाही."