जय

गाडीच्या हौद्याची लांबी आठ फूट.

केळीचा चीक कापडाला लागला की कापड फाटेल, पण डाग जात नाही.

रविवारी जळगावात रंगाची दुकानं बंद असतात.

तोताराम पाटलाच्या बागेत उद्यापासून कापणी. सहाशे घड.

रतिलाल पेंटर डावखुरा. गाडी कुणाचीही असो, कपाळावर पहिला शब्द तो मालकाला न विचारताच लिहून टाकतो.

अजिंठा चौफुलीजवळच्या पत्र्याच्या शेडपुढे भिकन तायडेची पिकअप उभी होती. नवीकोरी. काचेवरच्या पांढऱ्या पट्टीवर लाल रंगात ‘जय’ उमटला होता आणि त्यापुढे हातभर जागा मोकळी होती.

“पुढे काय?” स्टुलावरून रतिलालने विचारलं. “माता दी, बजरंग, भवानी, जवान?”

भिकनने तोंड उघडलं. तेवढ्यात गाडीच्या सावलीत बसलेला तोताराम खाकरला.

भिकनने टायरला लाथ मारून बघितली. हौद्याची कडी लावली, काढली, परत लावली. शोरूममधला माणूस त्याला तीन दिवस चकचकीत गाड्या दाखवत होता, टेप वाजवून, सीट दाबून. भिकन मात्र नवा शर्ट घालून सरळ फरशीवर आडवा झाला होता आणि खाली शिरून स्प्रिंगचे पाटे मोजून आला होता. घेतली ती हीच. साधी, लांब हौद्याची. तेव्हा त्याला इतका वेळ लागला नव्हता.

“आबा, काय म्हनतस?” त्याने तोतारामला विचारलं.

“माले बठ्ठं सारखंच शे,” तोताराम म्हणाला. “मना बागमा तुनी गाडी काहीबी लिखीसन येवो. पन मना साडू, मना भाऊबंद... गाडी दारशे उभी राहिनी का लोके पयले कपायच वाचतस. मंग भाडं सांगतस, नही तं घरमा निंघी जातस.”

“मग?”

“मांगे लिखी टाक. तठे धूय उडस, कोन वाचस?” तो हसला. मग जरा खालच्या आवाजात, “तू गाडी राबाले लिन्ही ना रे? मंग कपायले कसाले इतला जीव लावस?”

त्याचं चूक नव्हतं. गावात पहिलं भाडं देतो म्हणणारा तोच. बौद्धवाड्यात येऊन, खाटेवर बसून, चहा पिऊन सांगून गेला होता. आजही पिशवीत नारळ घालून स्वतःहून आला होता.

भिकनची बायको लिलाबाई केबिनमध्ये बसून होती. मांडीवर पिशवी. ती पुढच्या काचेतून समोर बघत होती. तिथून वरची पट्टी दिसत नव्हती.

“बोला भाऊ,” रतिलाल म्हणाला. “रंग वाळण्याआधी मी वाळेन.”

“निळा आहे ना?” भिकनने विचारलं.

रतिलालने डबे हलवून पाहिले. “निळा संपला. गेल्या महिन्यात सगळा निळाच गेला, जयंतीचे बोर्ड. आज रविवार, आता उद्या मिळेल.”

भिकनच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं. “मग राहू द्या. एवढंच ठेवा.”

“नुसतं जय?”

“हो.”

“हरकत नाही. कोणी विचारलं तर पोराचं नाव म्हणून सांगा.”

“मला तीन पोरी आहेत.”

तोताराम खूश होऊन उठला. “बेस झायं. ज्याले जे वाचनं ते वाची लेई.” तो केबिनमध्ये चढला. लिलाबाई मधे सरकली. भिकनने किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. गाडी चांगलीच होती.

समोर बंद सलूनचा मोठा आरसा होता. त्यात गाडी दिसली. अख्खी, पुढून, जशी लोकांना दिसणार तशी. कपाळावर उलटा, लाल ‘जय’. त्याच्या शेजारी पांढरी जागा. वाक्य बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवावा तशी.

भिकनने क्लच दाबला. सोडला नाही. आरशात बघत राहिला. मग इंजिन बंद केलं.

“काय राहिलं?” ब्रश रॉकेलमध्ये बुडवता बुडवता रतिलालने विचारलं.

“अर्धं राहिलं,” भिकन खाली उतरला. “भीम लिहा. कोणत्याही रंगात लिहा.”

केबिनमध्ये लिलाबाईने पिशवीत हात घातला. चोळीच्या खणात गुंडाळलेला पाव लिटरचा डबा काढला आणि खिडकीतून पुढे केला.

“हा ल्या,” ती म्हणाली.

रतिलालने झाकण उचकटलं. निळा.

पहिली उभी रेघ ओढून झाली तसा तोताराम दार उघडून उतरला आणि मान वर करून बघू लागला.

“सुकाले कितला टाइम लागी?”

“तीन तास तरी.”

“मंग मी यष्टीनी जास.”

“आबा,” भिकन म्हणाला, “सकाळी पाच वाजता बागेशी येस मी.”

तोतारामने चपला झटकल्या. मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते भिकनला कळलं नाही. नारळ त्याने बॉनेटवर ठेवला आणि चौफुलीकडे चालू लागला. भिकन त्या नारळाकडे बघत उभा राहिला. मग तो घरंगळू नये म्हणून त्याला हाताने धरून ठेवलं.

वर रतिलालचा डावा हात ‘भी’ची वेलांटी काढत होता.

लिलाबाईने चोपड्याच्या बाजारात तो डबा घेतला, तेव्हा गाडी अजून घ्यायची होती.