सहा नंबरची खाट

धांदलने (कोर्समध्ये तिला सगळे याच नावाने हाक मारायचे) परीक्षेची चिठ्ठी उघडली. सहा! अख्ख्या वॉर्डात एकवीस खाटा, आणि नशिबी यायची ती सहा नंबरचीच!

मागे बरोबरच्या दोघी मुली खुसखुसल्या. सहा नंबरच्या आजींना तीन आठवड्यांपूर्वी अर्धांगवायू झाला होता. बोलणं बंद, उजवा हात लुळा. पण डावा! चादर घातली रे घातली, की तो कोपरा उपटायचाच. आजींचं चादरीशी काहीतरी जुनं वैर आहे, असं सगळ्या शिकाऊ मुली म्हणायच्या.

आणि आज परीक्षा होती चादर घालण्याचीच. नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सचं शेवटचं प्रात्यक्षिक. गेल्या परीक्षेतही चादरीच्या कोपऱ्यानेच तिला नापास केलं होतं. आज पास झाली तर थेट नर्सिंगला प्रवेश. नाहीतर बाबांनी दुकानातली खुर्ची पुसून ठेवलीच होती.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई घड्याळ बघत उभ्या राहिल्या. चेहरा असा, की नुसता बघूनच कुणाचाही ताप उतरावा.

धांदलने आजींना आधार देऊन चाकाच्या खुर्चीत बसवलं. चादर टाकली, ताणली, पायथ्याचा कोपरा खोचला. आजींनी उपटला. पुन्हा खोचला. पुन्हा उपटला.

"चारच मिनिटं राहिली," परीक्षक बाई म्हणाल्या.

तिला रडूच फुटायचं बाकी होतं. "अहो आजी, आज तरी नका ना!" तिने चादर ओढली, तर आजी सोडेनात. तेव्हा कुठे तिने त्या हाताकडे नीट पाहिलं. हाताने चादरीची कड तिरकी उचलून गादीवर त्रिकोण केला होता, आणि तो तसाच धरून वाट बघत होता. पुढचं करायला दुसरा हात लागतो. तो तर लुळा.

अगं बाई! या शिकवताहेत!

"आजी, आता खालचं आत घालू?"

आजींनी मान हलवली. धांदलने खाली लोंबणारी कड आत खोचली. आजींनी त्रिकोण सोडला. तिने तो खाली ओढून गादीखाली सारला. कोपरा पाकिटासारखा घट्ट बसला. आजींनी त्यावरून तळवा फिरवला आणि तसाच राहू दिला. धांदलला तर नाचावंसं वाटलं.

परीक्षक बाई खाटेला लावलेल्या कागदावरचं नाव वाचायला वाकल्या, त्या सरळच होईनात.

"मेट्रन बाई? अहो बाई, मी! तुमच्या नवव्या बॅचची!"

आजींचा डावा डोळा चमकला. परीक्षक बाईंनी मार्कांची वही धांदलच्या हातात कोंबली. "पास आहेस गं तू, पास! हे धर." आणि पदर खोचून त्या जवळजवळ पळतच पलीकडच्या कोपऱ्याला भिडल्या. जीव ओतून घडी घातली आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

आजींनी खुणेने खुर्ची तिकडे न्यायला लावली. कोपरा नीट न्याहाळला, आणि उपटला.

"तीस वर्षं झाली," परीक्षक बाई डोळे पुसत हसल्या, "अजून नापासच मी!"